कंपनीने माहिती सांडली तर दंड सरकारला, मग ग्राहकाला काय?

नव्या डेटा कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार. कंपनीकडून थेट भरपाई मागण्याचे जुने कलम मे २०२७ मध्ये रद्द होणार. या दोन कायद्यांच्या मध्ये तालुक्याच्या गावातला ग्राहक नेमका कुठे उभा आहे?

सोयाबीनचे पैसे हातात आले की मेहकरच्या बाजारात मोबाइल, टीव्ही आणि दुचाकीच्या दुकानांत वर्दळ वाढते. समजा, जवळच्या खेड्यातला एक शेतकरी पंधरा हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेतो. काउंटरवरचा मुलगा आधार आणि पॅनची झेरॉक्स मागतो. फायनान्सच्या ॲपमध्ये दोन्हींचे फोटो काढतो, शेतकऱ्याचा सेल्फी घेतो, पासबुकाचे पहिले पान स्कॅन करतो आणि शेवटी म्हणतो, “काका, ओटीपी आला असेल, सांगा.” काका सांगतात. दहा मिनिटांत मोबाइल हातात.

दोन महिन्यांनी त्याच मोबाइलवर फोन येतो. बोलणाऱ्याला नाव, गाव, मोबाइलचे मॉडेल, हप्त्याची रक्कम आणि तारीख सगळे ठाऊक असते. “तुमचा हप्ता बाउन्स झालाय. दंड वाचवायचा असेल तर पाठवलेली लिंक उघडा.” इतकी नेमकी माहिती असलेला माणूस कंपनीचाच वाटणार. लिंक उघडली जाते, खाते रिकामे होते. मग घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत एकच प्रश्न विचारला जातो, “तुम्ही लिंक उघडलीच कशाला?” हप्त्याची तारीख त्या भामट्याला कळली कुठून, हे मात्र कंपनीला कोणी विचारत नाही.

हा दुसरा प्रश्न विचारता यावा, यासाठीच डेटा संरक्षणाचे कायदे असतात. भारतात त्या कायद्यांत सध्या मोठा बदल होत आहे.

काउंटरवर दिलेली माहिती किती हातांत जाते?

ग्राहकाला समोर फक्त दुकान दिसते. प्रत्यक्षात कर्ज देते ती फायनान्स कंपनी किंवा बँक. केवायसी पडताळणारी यंत्रणा अनेकदा तिसऱ्याच कंपनीची असते. कर्जाची नोंद क्रेडिट ब्युरोकडे जाते. हप्त्याची आठवण करून देणारे कॉल सेंटर वेगळे, थकबाकी वसूल करणारी एजन्सी वेगळी, आणि हे सगळे ज्या सर्व्हरवर साठते तो आणखी कोणाचा तरी. यांपैकी एका ठिकाणचा एक कर्मचारी फुटला किंवा एका सर्व्हरला कुलूप लावायचे राहिले, तरी यादी बाहेर जाते.

म्हणून गळती झाल्यावर जबाबदारी एकमेकांवर ढकलणे सोपे असते. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजन्सीला विचारा. ग्राहकाला तर एजन्सीचे नावही माहीत नसते.

महाराष्ट्रात आजवर काय घडले?

पहिले गाजलेले प्रकरण पुण्याचे. एप्रिल २००५ मध्ये एम्फसिस या बीपीओ कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांचे पिन मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर बनावट खात्यांत वळवल्याचे उघड झाले. पुणे पोलिसांनी अटक केली. पैसे चोरणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकत होता. ग्राहकांची माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला भरपाई द्यायला लावणारे स्पष्ट कलम मात्र त्या वेळच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नव्हते. २००८ मध्ये हा कायदा दुरुस्त झाला आणि त्यात कलम ४३-अ आले. २७ ऑक्टोबर २००९ पासून ते लागू आहे.

दुसरे प्रकरणही पुण्याचेच आणि ग्राहकांसाठी जास्त महत्त्वाचे. पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून भामट्यांनी ८० लाख १० हजार रुपये काढले. सुरुवात फसव्या ई-मेलने झाली होती आणि खातेदाराने त्याला उत्तर दिले होते. आजच्या भाषेत, ‘लिंक उघडली’ होती. तरीही २०१३ मध्ये राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. खातेदाराची चूक होती, म्हणून तोट्याचा काही भाग त्याच्यावर राहिला. पण चोरीचे पैसे ज्या बनावट खात्यांत गेले, त्यांच्याबाबत बँकेने पुरेशी काळजी घेतली नव्हती, म्हणून मोठा वाटा बँकेवर आला.

या निकालात एक साधे तत्त्व आहे. ग्राहक फसला, एवढ्यावर कंपनीची जबाबदारी संपत नाही. दोघांची चूक मोजायची आणि तोटा त्या प्रमाणात वाटायचा.

तिसरे उदाहरण चोरीचे नाही, हलगर्जीपणाचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियाच्या ‘एसबीआय क्विक’ सेवेचा मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक सर्व्हर पासवर्डविना उघडा असल्याचे समोर आले. मिस्ड कॉल किंवा एसएमएस करून शिल्लक विचारण्याची ही सेवा. साधा फोन असलेले ग्राहकही ती वापरतात. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक, खात्यातली शिल्लक, अलीकडचे व्यवहार आणि खाते क्रमांकाचे काही आकडे त्यावर दिसत होते. बातमीनंतर सर्व्हर बंद करण्यात आला.

कलम ४३-अ म्हणजे नेमके काय?

एखाद्या कंपनीने ग्राहकाची ‘संवेदनशील’ माहिती संगणकावर ठेवली, तिच्या सुरक्षेत निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे ग्राहकाचे नुकसान झाले, तर कंपनीने ग्राहकाला भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. कायद्यातली ‘कंपनी’ची व्याख्या रुंद आहे. भागीदारी पेढी, एकट्याच्या मालकीचा धंदा आणि व्यवसाय करणारी व्यक्तींची संघटनाही तिच्यात बसते.

संवेदनशील माहिती कोणती, हे ११ एप्रिल २०११ च्या नियमांत दिले आहे. पासवर्ड, बँक खाते आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल आणि बोटांच्या ठशांसारखी बायोमेट्रिक माहिती. नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक या यादीत नाहीत. ही या कलमाची मोठी मर्यादा आहे.

दावा पाच कोटी रुपयांपर्यंत असेल तर तो दिवाणी न्यायालयात न नेता ‘न्यायनिर्णय अधिकाऱ्या’समोर चालतो. प्रत्येक राज्यात माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. महाराष्ट्रात म्हणजे मंत्रालयात. निकाल मान्य नसेल तर दिल्लीतल्या दूरसंचार लवादाकडे, म्हणजे टीडीसॅटकडे, ४५ दिवसांत अपील करता येते.

कागदावर रस्ता चांगला आहे. प्रत्यक्षात तो फार कमी लोकांना माहीत आहे. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जात असला, तरी पंधरा-वीस हजारांच्या फसवणुकीसाठी शुल्क भरून, कामधंदा सोडून मुंबईपर्यंत दावा लढवणे कोणाला परवडत नाही. शिवाय सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. गळती त्याच कंपनीतून झाली, हे सिद्ध कसे करायचे?

नवा कायदा काय बदलतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्याच काळात माजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली गेली. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ओळखीचे झालेले हेच ते श्रीकृष्ण. समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर एक विधेयक आले, संसदीय समितीकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. अखेर ११ ऑगस्ट २०२३ रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले.

कायद्यातल्या ग्राहकाच्या कामाच्या गोष्टी अशा:

• कोणती माहिती कशासाठी घेत आहोत, हे कंपनीने सोप्या भाषेत सांगायचे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा. म्हणजे मराठीतही.

• कामापुरतीच माहिती घ्यायची. संमती दिली होती की नाही यावर वाद झाला, तर ती घेतल्याचे कंपनीने सिद्ध करायचे.

• आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क. चूक दुरुस्त करून घेण्याचा, गरज संपल्यावर माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क.

• काम बाहेरच्या एजन्सीला दिले तरी जबाबदारी मूळ कंपनीचीच. ‘एजन्सीला विचारा’ हे उत्तर चालणार नाही.

• माहिती फुटली तर कंपनीने बाधित ग्राहकांना विलंब न लावता कळवायचे. काय फुटले, कधी, त्याचे परिणाम काय, ग्राहकाने कोणती काळजी घ्यावी आणि कोणाशी बोलावे, हे सगळे सांगायचे. डेटा संरक्षण मंडळालाही लगेच कळवून ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची.

• तक्रारीचा निपटारा जास्तीत जास्त ९० दिवसांत. तिथे समाधान झाले नाही तर मंडळाकडे ऑनलाइन तक्रार.

सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. गळती लपवली किंवा कळवली नाही तर २०० कोटी रुपयांपर्यंत. दंडाचे हे आकडे भारतातल्या ग्राहक कायद्यांत आजवर दिसलेले नाहीत.

यातली बहुतेक कलमे लगेच लागू झालेली नाहीत. नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्यापासून ती बंधनकारक होतील. तोपर्यंत कंपन्यांना तयारीसाठी वेळ दिला आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण दोन ओळींत आहे. पहिली ओळ कायद्याच्या कलम ३४ मध्ये. मंडळाने वसूल केलेला सगळा दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली आणि ज्याचे पैसे गेले, त्याला त्यातला एक रुपयाही देण्याची तरतूद नाही. ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश काढण्याचा अधिकारही मंडळाला दिलेला नाही.

दुसरी ओळ कलम ४४ मध्ये. तिच्यामुळे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३-अ रद्द होते. ही तरतूदही त्याच १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये अमलात येणार आहे.

आता दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा. आज भरपाई मागण्याचे कलम आहे, पण माहिती कुठून फुटली याचा पुरावा ग्राहकाकडे नाही. गळती झाल्यावर कंपन्यांनी सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवायचे, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. पण तो सरकारला कळवण्याचा. ग्राहकाला कळवण्याची सक्ती त्यात नाही. मे २०२७ पासून कंपनीला ग्राहकाला लेखी कळवावे लागेल, ‘तुमची माहिती आमच्याकडून फुटली’. इतकी वर्षे नसलेला पुरावा घरपोच येईल. आणि ज्या कलमाखाली तो वापरून भरपाई मागता आली असती, ते कलम त्याच दिवशी गेलेले असेल.

हे अपरिहार्य नव्हते. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात बाधित व्यक्तीला भरपाई मागण्याची स्वतंत्र तरतूद होती. २०२३ च्या कायद्यात ती राहिली नाही. उलट खोटी किंवा फुटकळ तक्रार केल्याबद्दल तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद आहे.

इतरत्र काय करतात?

युरोपचा डेटा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. तिथे नियामक मोठे दंड करतात. मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड केला. पण त्याच कायद्यात बाधित व्यक्तीला कंपनीकडून भरपाई मागण्याचा वेगळा हक्कही आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती फुटली. २०१९ च्या तडजोडीत बाधित लोकांच्या मदतीसाठी ४२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतची तरतूद करावी लागली.

भारतातही ग्राहकाच्या हातात थेट पैसे देणारा नियम करता येतो, याचे उदाहरण रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहे. क्रेडिट रिपोर्टमधली चूक दुरुस्त करण्याची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. रक्कम छोटी, पण ती ग्राहकाला मिळते. कागदपत्रे चोरून आपल्या नावावर कोणी कर्ज काढले असेल, तर हाच नियम उपयोगी पडतो.

मेहकरच्या ग्राहकाने आज कुठे जायचे?

मंत्रालय गाठण्याआधी जवळचे काही रस्ते आहेत.

बँक खात्यातून पैसे गेले असतील तर सर्वात आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन आणि बँक. यात तास नव्हे, मिनिटे मोजायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ पासूनच्या नियमांनुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर कोणताही बोजा पडत नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच ठिकाणची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही बोजा शून्य. ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

याला सर्वोच्च न्यायालयाचा आधारही मिळाला आहे. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा होता. विक्रेत्याच्या वेबसाइटवरची माहिती फुटलेली होती. कस्टमर केअर असल्याचे भासवून आलेल्या फोनवर विश्वास ठेवून त्याने ॲप डाउनलोड केले आणि खात्यातून ९४ हजार २०४ रुपये गेले. त्याने २४ तासांच्या आत बँकेला कळवले होते. बँकेने रक्कम द्यावी, हा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला. मेहकरच्या काकांच्या गोष्टीशी हे प्रकरण बरेच जुळते. तिथे ग्राहकाला वाचवले ते लगेच केलेल्या तक्रारीने.

बँक किंवा फायनान्स कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गावोगावच्या पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याबद्दलची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते.

कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, फोटो किंवा कॉलची यादी उचलली, तर तो रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्ज नियमांचा भंग आहे. कॅमेरा, माइक आणि लोकेशनची परवानगीही फक्त केवायसीपुरती, एकदाच घेता येते. वसुली एजंट नातेवाइकांना फोन करू लागले, तर त्या ॲपला पैसे पुरवणारी बँक किंवा फायनान्स कंपनी शोधा. तक्रार तिच्याविरुद्ध करा. एजंटच्या वागण्याला तीच जबाबदार असते.

आणि सर्वात जवळचा, पण डेटासाठी सर्वात कमी वापरला गेलेला रस्ता म्हणजे बुलढाण्याचे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथे’ची जी यादी आहे, तिच्यात एक ओळ ही: ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे. इथे ती माहिती ‘संवेदनशील’ असण्याची अट नाही. नाव आणि मोबाइल क्रमांकही चालतो. कंपनीचे कार्यालय मुंबईत, बेंगळुरूत कुठेही असले तरी ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी पाच लाखांपर्यंत रक्कम मोजली असेल तर शुल्क नाही. वकील लावणे बंधनकारक नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षे. आणि आयोग भरपाई देण्याचा आदेश काढू शकतो. आधी बोलून पाहायचे असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

डेटा कायद्याच्या कलम ३८ मध्ये हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असे म्हटले आहे. त्यामुळे मे २०२७ नंतर गळतीची लेखी सूचना हातात आलेल्या ग्राहकासाठी भरपाईचा मुख्य दरवाजा बहुधा हाच असेल. मात्र जिथे कायद्यांत विसंगती असेल तिथे डेटा कायदा वरचढ ठरेल, असेही तेच कलम सांगते. कंपन्यांचे वकील या वाक्यावर बोट ठेवतील, हे गृहीत धरायला हवे.

ज्यांचे नुकसान मे २०२७ च्या आधी झाले आहे, त्यांचे काय? कायदा रद्द झाला तरी त्याआधी निर्माण झालेला हक्क सहसा टिकतो, असा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. तरीही कलम ४३-अ खाली दावा करायचा असेल तर ते कलम अस्तित्वात असतानाच करणे शहाणपणाचे.

पुरावा कसा जपायचा?

कोणत्याही आयोगासमोर पहिला प्रश्न येतो, माहिती याच कंपनीतून गेली कशावरून? त्याचे उत्तर फोन आल्यानंतरच्या पाच मिनिटांत तयार होते.

१. फोन करणाऱ्याला काय काय माहीत होते, ते लगेच लिहून ठेवा. तारीख, वेळ आणि क्रमांकासह. नाव आणि मोबाइल क्रमांक शंभर ठिकाणी असतात. कर्ज खात्याचा क्रमांक, हप्त्याची रक्कम, मोबाइलचे मॉडेल, दवाखान्यात गेल्याची तारीख, या गोष्टी एक-दोन ठिकाणीच असतात. जितका तपशील दुर्मीळ, तितका पुरावा पक्का.

२. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करा. हा अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव वेबसाइटवर देणे २०११ च्या नियमांनुसार आजही बंधनकारक आहे. त्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. तीन प्रश्न पुरेत: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे? ती कोणाला दिली? माझ्या माहितीची गळती झाली आहे का? उत्तर आले नाही, तर तो ई-मेलच पुढच्या तक्रारीचा पहिला कागद.

३. दुकानात आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर मास्क केलेले आधार द्या. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख, दुकानाचे नाव आणि ‘फक्त मोबाइल कर्जासाठी’ असे आडवे लिहा. नवा कायदा डिजिटल माहितीपुरताच आहे. फाइलमध्ये पडून राहिलेली झेरॉक्स त्याच्या कक्षेत येत नाही, ती स्कॅन झाली तरच येते.

४. आधारचे बायोमेट्रिक ॲपमधून लॉक करून ठेवा. ठसा द्यायच्या वेळीच उघडा.

५. आपल्या नावावर किती सिम कार्डे चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर पाहा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत मिळतो. न घेतलेले कर्ज त्यात दिसले तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

कंपनीच्याच कर्मचाऱ्याने किंवा एजंटने ग्राहकांची यादी विकल्याचा संशय असेल, तर पोलिसांकडे जाताना माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ७२-अ चा उल्लेख करा. करारातून मिळालेली वैयक्तिक माहिती, नुकसान होईल हे ठाऊक असताना संमतीविना उघड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम रद्द होणाऱ्यांत नाही.

पुढे काय?

नव्या कायद्याची खरी परीक्षा पहिल्या मोठ्या गळतीत होईल. कंपनीने ग्राहकांना वेळेत कळवले का, मराठीत कळवले का, मंडळाने दंड किती केला, हे सगळे तेव्हा दिसेल. दंडाचा आकडा मोठा असेल तर मथळेही मोठे होतील.

मेहकरच्या काकांसाठी मात्र हिशेब साधा आहे. खात्यातून गेलेले पैसे परत आले की नाही? नव्या कायद्यात भरपाईचे कलम परत आणायचे असेल तर संसदेला दुरुस्ती करावी लागेल, आणि त्यासाठी मे २०२७ पर्यंतचा वेळ आहे. तोवर काउंटरवर ओटीपी सांगण्याआधी एक प्रश्न विचारायला हरकत नाही, “ही माहिती कोणाकोणाकडे जाणार आहे?” आज त्याचे उत्तर देणे दुकानातल्या मुलालाही जमणार नाही. ते उत्तर मिळवणे हा ग्राहकाचा हक्क आहे, एवढे तरी दोन्ही बाजूंना माहीत असलेले बरे.